वसतिगृह हीच शाळा : सातारा-सांगली परिसरातील एका शिक्षणप्रयोगाचा इतिहास

जैन घरातील मूल पाणी गाळण्याचा पाठ कोणत्या वयात शिकते, असे कोणी विचारले तर नेमके उत्तर देता येत नाही. आई घागरीच्या तोंडाशी गाळण्याचे वस्त्र धरते, हे ते रोज पाहत असते. पुढे एके दिवशी त्या वस्त्राचे एक टोक त्याच्याच हाती येते. जीवरक्षेचे तत्त्व पाठशाळेत त्याच्या कानी पडते ते त्यानंतर काही वर्षांनी. आधी आचार, मागाहून विचार, आणि या दोहोंच्या मध्ये जवळ उभे असलेले कोणीतरी मोठे माणूस, असा हा क्रम असतो. मूल कसे शिकते याविषयी विसाव्या शतकातील शिक्षणशास्त्राने पुष्कळ प्रयोगांती जे सांगितले, त्याचा मोठा अंश या साध्या क्रमात सामावलेला आहे. हाच क्रम घराबाहेर आणून त्यावर हजारो मुलांच्या शिक्षणाची उभारणी करण्याचे कार्य दक्षिण महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांनी केले. त्यांच्या चरित्रातील त्यागाचे प्रसंग समाजाला तोंडपाठ आहेत. परंतु शिकणारे मूल आणि त्याचा शिक्षक यांच्याविषयीची त्यांची दृष्टी मात्र त्या मानाने कमी चर्चिली गेली आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. घराण्याचे गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. आज ते सांगली जिल्ह्यात गणले जाते. पण त्या काळी हा सारा मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णा आणि वारणाकाठची जी गावे या इतिहासात वारंवार येतात, ती कधी सातारची तर कधी सांगलीची का म्हटली जातात, याचा उलगडा यावरून व्हावा.

प्राथमिक शिक्षणानंतर भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या चळवळीतून या भागात शिक्षणाची जी ओढ निर्माण झाली होती, तिचेच ते बोर्डिंग हे फळ होते. खेड्यातील शेतकरी जैन कुटुंबातला मुलगा शहरात राहून इंग्रजी शिकू शकतो, ही गोष्टच त्या पिढीला नवी होती. बोर्डिंगची धुरा अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारख्या विद्वान व सुधारणावादी गृहस्थांकडे होती. तथापि याच बोर्डिंगमध्ये भाऊरावांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग घडला. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही आणि अखेरीस त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

समाजाच्या स्मरणिकेत हा प्रसंग टाळून पुढे जाणे सोयीचे असले, तरी इतिहासाला ते मानवत नाही. त्याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवी. १९१४ साली कोल्हापुरात डांबर प्रकरण गाजले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर अतोनात दडपण आणले गेले. ज्यांच्या बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले, त्याच लठ्ठ्यांविरुद्ध ते असत्य बोलले नाहीत. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास सोसला. प्राणावर बेतण्यापर्यंत गोष्ट गेली, तरी त्यांचे वचन ढळले नाही. बोर्डिंगचा एक नियम त्यांनी मोडला. घरात आणि समाजात रुजलेले सत्याचे व्रत मात्र प्राणपणाने पाळले. मूल शिकते ते सारेच्या सारे शिकविणाऱ्याने योजिलेले असते असे नाही. एकाच वसतिगृहातून हा मुलगा दोन गोष्टी घेऊन गेला. एकत्र राहण्यातून माणूस घडतो ही पहिली, आणि ज्या पंगतीला दार आहे ती पंगत अपुरी आहे ही दुसरी.

भाऊरावांचे औपचारिक शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. साताऱ्यात येऊन ते शिकवण्या करू लागले आणि ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. ही भटकंती त्यांच्या शिक्षणविचाराच्या दृष्टीने कोणत्याही ट्रेनिंग कॉलेजपेक्षा मोलाची ठरली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. लोखंडी नांगर शेतकऱ्याने घ्यावा म्हणून त्याच्यापुढे व्याख्यान देऊन चालत नसे. नांगर प्रत्यक्ष शेतात घालून दाखवावा लागे, शेतकऱ्याच्या हाती रुमणे द्यावे लागे. हाताला पटले की मनाला पटते, ही गोष्ट प्रौढ माणसाबाबत जेवढी खरी, त्याहून मुलाबाबत अधिक खरी आहे.

१९१०च्या सुमारास सांगलीजवळच्या दुधगाव येथे काही सहकाऱ्यांसह त्यांनी विद्यार्थी आश्रम सुरू केला. सर्व जातींची मुले त्यात एकत्र राहत. खर्चासाठी गावातील घरोघर रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे, अशी मुष्टिफंडाची पद्धत होती. या मुठीचा अर्थ केवळ आर्थिक नव्हता. ज्या घरातून मूठभर जोंधळे आश्रमाकडे जात, त्या घराला आश्रमातल्या मुलाची चौकशी करावीशी वाटे. मुलाचे शिकणे ही एकट्या बापाची काळजी न राहता गावाची गोष्ट होई. पुढे नेर्ले येथेही असाच प्रयत्न झाला आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेचे पहिले पाऊल शाळेचे नव्हते, वसतिगृहाचे होते, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

१९२४ साली संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव देण्यात आले. या बोर्डिंगचा विचार करताना एका स्त्रीचे नाव प्रथम घ्यावे लागते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या परंपरागत जैन कुटुंबातल्या. सोवळे-ओवळे पाळण्याच्या संस्कारात वाढलेल्या. महार, मांग, रामोशी, मराठा, मुसलमान, जैन अशी सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसवून त्यांना जेवू घालावयाचे, हे त्यांच्या दृष्टीने सोपे नव्हते. पण भुकेल्या मुलाला पाहून त्यांचा निर्णय झाला. बोर्डिंगातील धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने गेले आणि अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले. मुले भाऊरावांना ‘अण्णा’ म्हणत आणि लक्ष्मीबाईंना ‘वहिनी’. लक्ष्मीबाईंच्या हाती ना खडू होता ना पाठ्यपुस्तक. तरी त्या बोर्डिंगातील पहिल्या शिक्षिका त्याच होत्या, असे म्हणावे लागेल. समता म्हणजे काय याची व्याख्या मुलांना कोणी सांगितली असती तर ती परीक्षेपुरती टिकली असती. वहिनींच्या हातची भाकरी शेजारी बसून खाल्ली, ती मात्र आयुष्यभर पुरली.

बोर्डिंगातील दिनक्रम कष्टाचा होता. मुले स्वतः दळण-कांडण, स्वयंपाक, झाडलोट करीत, शेतात राबत, दगड फोडीत, माती वाहत. वरवर पाहता ही काटकसर दिसते, आणि ती होतीही. परंतु अण्णांनी तिच्यातूनच शिक्षण काढले. ज्याच्यावर कोठीची पाळी आहे, त्याला पन्नास मुलांना किती पीठ लागेल याचा हिशेब करावाच लागतो; चुकला तर रात्री कोणाची तरी भाकरी कमी पडते. त्रैराशिकाची यापेक्षा चोख परीक्षा कोणती? शेतातील मुलाला पाऊस, बी, कीड यांचे निरीक्षण आपोआप घडते. मोठ्या मुलाला धाकट्याचा अभ्यास घ्यावा लागतो, आणि दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतःचे अर्धवट समजलेले पुरते समजते, हा अनुभव ज्याने कधी धाकट्या भावंडाला पाढे शिकविले आहेत, त्या प्रत्येकाला असेल.

योगायोग असा की, साताऱ्यात हे घडत होते त्याच दशकात दूर मॉस्कोमध्ये लेव व्हिगॉट्स्की हा तरुण मानसशास्त्रज्ञ याच प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास करीत होता. १८९६ ते १९३४ असे अवघे सदतीस वर्षांचे आयुष्य त्याला लाभले. मूल एकट्याने जेवढे करू शकते आणि जाणत्या सोबत्याच्या मदतीने जेवढे करू शकते, या दोहोंमध्ये जे अंतर असते, तेथेच खरे शिकणे घडते. आज मदतीने जे जमते ते उद्या स्वतः जमू लागते, असे त्याचे प्रतिपादन होते. बोलणे, विचार करणे, मनाला आवर घालणे या गोष्टी मूल आधी माणसांमध्ये करते आणि मग त्या त्याच्या आत उतरतात, असेही तो मांडतो. त्याचे लेखन इंग्रजीद्वारे जगभर पसरले ते त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. अण्णांच्या कानावर त्याचे नाव येण्याचा संभवच नव्हता. तरीही पाणी गाळण्याच्या वस्त्राचे टोक मुलाच्या हाती देणारी आई, कोठीची पाळी सोपविणारे अण्णा आणि मॉस्कोतील हा संशोधक एकाच गोष्टीकडे बोट दाखवितात, यात नवल नाही. कारण मूल सर्वत्र मूलच असते.

याच काळात पश्चिम भारतात बालशिक्षणाची आणखी एक थोर परंपरा उदयास येत होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक यांनी त्यांच्यासमवेत काम करून पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साथीने, मॉण्टेसोरी पद्धतीला ग्रामीण व आदिवासी रूप दिले. तेथे केंद्रस्थानी तीन ते सहा वर्षांचे मूल होते. येथे कोवळ्या वयातच कामाला जुंपले जाणारे शेतकऱ्याचे मूल होते. तेथे साधने मुलाच्या हातासाठी घडविली गेली. येथे खुरपे, जाते आणि कुदळ हीच साधने होती. या दोन परंपरांचा मेळ फारसा घातला गेला नाही, ही महाराष्ट्राच्या शिक्षणातील एक उणीव मानावी लागेल. जैन समाजातही पूज्य समंतभद्र महाराजांनी १९१८ साली कारंजा येथे आणि १९३४ साली बाहुबली येथे गुरुकुले स्थापून सहनिवासातून घडणाऱ्या शिक्षणाला धार्मिक अधिष्ठान दिले. अण्णांचे जन्मगाव कुंभोज आणि बाहुबलीचा डोंगर एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. वाटा निराळ्या, तरी शिक्षकाने मुलांतच राहिले पाहिजे हा आग्रह दोन्हींकडे समान होता.

परंतु असा शिक्षक आणावयाचा कोठून, हा खरा पेच होता. एक बोर्डिंग अण्णा आणि वहिनी यांच्या वात्सल्यावर चालू शकते. शंभर गावांतील शाळा कोणाच्या बळावर चालणार? त्या काळी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, उत्तीर्ण झालेला तरुण प्राथमिक शिक्षक होऊ शके. त्याला विषय ठाऊक असत. मुले ठाऊक असतीलच असे नव्हे. शिवाय शहरात शिकलेला मास्तर डोंगरी खेड्यात टिकत नसे. या पेचाला अण्णांनी दिलेले उत्तर म्हणजे १९३५ साली साताऱ्यात सुरू झालेले सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. ग्रामीण शिक्षक ग्रामीण मुलांतूनच तयार करावयाचा, आणि बोर्डिंगात जसे मुलांना राहावे लागे तसेच त्यालाही राहावयास लावायचे, अशी त्यामागची धारणा होती. ज्याने स्वतः भाकऱ्या थापल्या, शेत नांगरले, परजातीच्या सोबत्याशेजारी अंथरूण टाकले, तो उद्या आपल्या वर्गात मुलांना वेगवेगळे बसविणार नाही. शिक्षक जसा शिकतो तसाच तो शिकवितो, ही गोष्ट आज प्रशिक्षणाच्या क्षेत्रात सर्वमान्य आहे. नव्वद वर्षांपूर्वी ती कृतीत आणणे हे धाडस होते. पुढे स्त्री-शिक्षिकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालयही साताऱ्यातच निघाले.

या शिक्षकांच्या आधारावर व्हॉलंटरी शाळांची योजना उभी राहिली. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि खेड्यापाड्यांतील खाजगी प्राथमिक शाळांना उत्तेजन मिळू लागले. त्या मंत्रिमंडळात अर्थखाते होते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे! जेथे शाळा नाही अशा गावी एक शिक्षक जाई. चावडीत, देवळात अथवा कोणाच्या पडवीत शाळा भरे. या शाळांची संख्या पुढे ५७८ पर्यंत गेली. एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकदम सांभाळाव्या लागतात, तेव्हा एका मुलाने दुसऱ्याला शिकविणे ही पद्धत सोयीची न राहता अपरिहार्य बनते. शाहू बोर्डिंगात मोठ्या मुलांनी धाकट्यांचा अभ्यास घेण्याची जी सवय होती, ती येथे कामास आली. शिक्षकाचे काम सर्वांना सर्व सांगण्याचे नसून कोणाला केव्हा मदतीचा हात द्यावा आणि केव्हा तो काढून घ्यावा, हे ओळखण्याचे आहे, हे त्या मास्तरांना पुस्तकातून नव्हे तर गरजेपोटी उमगले असणार.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर, विनामूल्य व निवासी अशा या शाळेत मुले श्रम करून आपले शिक्षण घेत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य येथे भिंतीवरून उतरून मुलांच्या दिनक्रमात आले. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि १९५५ साली साताऱ्यात माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन अशी पुढची वाटचाल झाली. शाहू बोर्डिंगात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील विलायतेहून परतल्यावर मोठ्या पगाराच्या वाटा सोडून संस्थेत शिकविण्यास आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. बोर्डिंगने आपला शिक्षक आपल्याच पोटी जन्माला घातला, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

या प्रयोगाच्या मर्यादाही होत्या. कष्ट आणि शिक्षण यांतील सीमारेषा बारीक असते. शेतातले काम शिक्षकाने मुलाशी बोलत, दाखवीत, विचारीत करून घेतले तर ते शिक्षण होते. तसे न झाले तर ती निव्वळ मजुरी होते. अण्णा स्वतः मुलांमध्ये असत तोवर हा तोल राहिला. शाखांचा विस्तार होत गेला, अनुदानाचे नियम, तासिका आणि परीक्षांचे वेळापत्रक आले, तसतसा तो तोल सर्वत्र टिकणे दुष्कर झाले. खुद्द अनुदानाचे पारडेही किती चंचल असते, याचा अनुभव संस्थेने १९४८ साली घेतला. सरकारने अनुदान बंद केले. अण्णांनी जनतेकडे धाव घेतली. गावोगावच्या लोकांनी आणि विद्यार्थ्यांनी संस्था तारली आणि पुढे अनुदान पूर्ववत झाले. मुष्टिफंडाची जुनी मूठ त्या प्रसंगी उपयोगी पडली, असे म्हणता येईल.

आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकावयास पाठवावे, असे सुचविले आहे. वर्षातील दहा दिवस! साताऱ्याच्या बोर्डिंगात वर्षाचे सारेच दिवस तसे होते. मात्र त्या दहा दिवसांत मुलाच्या हातून काही घडावयाचे तर कारागिरासोबत शिक्षकही तेथे बसला पाहिजे. तो न बसल्यास ते दहा दिवस सहलीत जातील.

एप्रिल १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने, मॅट्रिकही न झालेल्या या शिक्षणमहर्षीस डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविले होते. ९ मे १९५९ रोजी अण्णांचे निधन झाले. तोवर संस्थेने उभारलेल्या कामात शंभराहून अधिक माध्यमिक विद्यालये, तीन महाविद्यालये, सहा ट्रेनिंग कॉलेजे आणि ५७८ व्हॉलंटरी शाळा होत्या. वसतिगृहे होती अडतीस, आणि त्यांतील कोणत्याही पंगतीला दार नव्हते.